दात, दोरा आणि डॉक्टरांचा कोट

चाळीस वर्षांत मी एकदाही दोरा कात्रीनं तोडलेला नाही!

हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. कात्री कापडासाठी असते. दोऱ्यासाठी देवानं समोरचे दोन दात दिलेत, असा मुळी माझा सिद्धांतच होता. टाका संपला की मान खाली, कट्, आणि पुढचा टाका! कात्री शोधा, उचला, वापरा, ठेवा आणि पुन्हा सापडली नाही म्हणून बायकोवर ओरडा, एवढ्या वेळात माझी एक बाही लावून होते. शिवाय ओठांत एका वेळी अकरा टाचण्या धरून मी गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा मारत असे. आमची ही काज-बटणं करता करता म्हणायची, "अहो, एखादी गिळाल!"

"अगं, माझ्या दातांना विचारल्याशिवाय आत काही जात नाही!" मी म्हणायचो.

तर अशी ऐट. आता ती कशी उतरली ते ऐका.

सुरुवात एका दाढेपासून झाली. खालची, डावीकडची. सहा-सात वर्षांपूर्वी ती किडली म्हणून काढून टाकली. काढणाऱ्यांनी तेव्हाच बजावलं होतं की जागा रिकामी ठेवू नका. मी म्हटलं, "बत्तीसातली एक गेली, राहिले एकतीस! एवढा मोठा कारभार एकीवाचून अडतो होय?"

कारभार अडला नाही. बिघडला! शेजारची दाढ रिकाम्या जागेकडे कलायला लागली. बाकावरचा एक माणूस उठला की शेजारचा कसा ऐसपैस पसरतो, तशी. वरच्या दाढेला खाली टेकायला कुणी उरलं नाही, म्हणून ती हळूहळू खाली उतरू लागली. डावीकडे चावता येईना, म्हणून सगळा भार उजवीकडे. उजवीकडचा जबडा ठणकू लागला, म्हणून मी समोरच्या दातांनी कुरतडून खाऊ लागलो. त्या बिचाऱ्यांना आधीच दोऱ्याची नोकरी होती, त्यात हा ओव्हरटाइम! वर्षानुवर्षं दोरा ओढून त्यांच्या कडेला बारीक खाचही पडली होती. तिच्याकडे मी कधी लक्ष दिलं नाही.

एक दिवस ओव्हरकोटाचं बटण लावत होतो. दोरा जाड. मान खाली घातली आणि नेहमीसारखा आवाज आला, कट्! बघतो तर दोरा शाबूत!

एक दात तिथेच मशीनवर पडला. दुसरा महिनाभरात पावाच्या कडेला शरण गेला. तिसरा इतका हलायला लागला की तो काढावाच लागला. वरचे, समोरचे, तीन दात गेले आणि तोंडाचं पार बोळकं झालं. ओठ आत गेला, गाल खाली आले. आरशात पाहिलं की माझ्याऐवजी माझे वडील दिसायचे, तेही रागावलेले. टाचण्या ओठांत ठरेनात. बोलताना मधूनच शिट्टी वाजायची. गिऱ्हाईक माप देता देता दचकून मागे बघायचं. मग मी बोलणंच कमी केलं आणि हसणं तर बंदच.

"तुम्ही हल्ली हसत नाही," एकदा ही म्हणाली.

"हसण्यासारखं काय आहे?"

जन्मभर या बाईनं मला "हळू हसा, शेजारी काय म्हणतील!" म्हणून दटावलं, आणि आता तीच डोळ्यांत पाणी आणून गप्प बसली. खरं सांगतो, दात गेले त्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला हाताला धरून रस्त्यापलीकडे नेलं. तिथे आठ महिन्यांपूर्वी एका तरुण दातांच्या डॉक्टरनं दवाखाना थाटला होता. डॉक्टर हुशार, पण चेहरा असा कोवळा की आत शिरलेला माणूस त्यालाच विचारायचा, "डॉक्टर कधी येणार?" मग दहा मिनिटं वाट बघून निघून जायचा. दिवसभर डॉक्टर आपल्या दवाखान्याच्या काचा पुसत बसायचे. आमच्या गल्लीत एवढ्या स्वच्छ काचा कुणाच्याच नव्हत्या.

"त्यांच्याकडे पेशंट नाहीत, तुमच्याकडे दात नाहीत," ही म्हणाली. "चला आत!"

डॉक्टरांनी तोंड तपासलं आणि माझ्यापुढे तीन मार्ग ठेवले. पहिला, काढघालीचे दात. छोटीशी पट्टी, तिला तीन दात, दोन्ही बाजूंना तारेचे आकडे. सकाळी लावा, झोपताना काढा.

"म्हणजे सुटी कॉलर," मी म्हणालो. "बटणाला अडकवायची."

"हं... तसंच. दुसरा म्हणजे ब्रिज. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्या आधारानं मधले दात बसवायचे."

"म्हणजे आजूबाजूच्या चांगल्या कापडाला धरून मध्ये ठिगळ!"

"आणि तिसरा इम्प्लांट. हाडात स्क्रू बसवायचा, तो हाडात मुरेपर्यंत काही महिने थांबायचं, मग त्यावर दात. पण मास्तर, दात गेला की खालचं हाडही झिजत जातं. तुमच्या आजूबाजूच्या दातांचंही काही खरं नाही."

"कळलं! पक्की शिलाई करायची तर अस्तर धड पाहिजे. आमचं अस्तर विरलंय. सुटी कॉलर द्या!"

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. "मास्तर, मी कॉलेजात पाच वर्षं शिकलो, पण इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं!"

मग ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "मलाही तुमच्याकडून एक हवंय. कोट."

झालं होतं असं की ज्येष्ठ नागरिक मंडळानं त्यांना दातांवर बोलायला बोलावलं होतं. साठ-सत्तर माणसं येणार, म्हणजे साठ-सत्तर तोंडं! "पण माझा चेहरा बघून लोक उठून जातील," डॉक्टर म्हणाले. "अंगात कोट असेल तर निदान बसतील. हे भाषण जमलं तर दवाखाना चालेल, मास्तर. नाही जमलं तर या महिन्याअखेर कुलूप लावतो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दवाखान्यात नोकरी धरतो."

ठरलं! त्यांनी मला दात द्यायचे, मी त्यांना कोट. शिवाय भाषणाच्या दिवशी मी व्यासपीठावर जायचं. "तुम्ही फक्त हसा," डॉक्टर म्हणाले. "बाकीचं मी बोलतो. लोकांना दिसू दे माझं काम." त्यांनी दोन नियमही सांगितले. एक, या दातांनी दोरा तोडायचा नाही. दोन, दात तोंडात तरी असतील नाहीतर पाण्याच्या वाटीत. तिसरी जागा नाही! बायकोसमोर मी दोन्ही शपथेवर कबूल केलं.

दात आले. पहिल्या दिवशी तोंडात कुणीतरी खुर्ची ठेवल्यासारखं वाटलं. तारेचे आकडे टोचायचे. तक्रार केली तर डॉक्टर म्हणाले, "नवे दात आहेत, तोंडाला बसेपर्यंत टोचणारच. सवय होईल!" आणि झालीसुद्धा. गाल वर आले, शिट्टी थांबली. मी पुन्हा हसलो. हिनं पुन्हा "हळू!" म्हटलं. घर जाग्यावर आलं.

आता भाषणाचा दिवस. संध्याकाळी सहाची सभा, कोट दुपारी पोचवायचा. सकाळी मी शेवटचे टाके घालत होतो. कोट पुतळ्यावर, मी समोर, आणि प्रत्येक टाक्याला कात्री शोधतोय! ती कधी कापडाखाली, कधी टेपखाली, एकदा तर माझ्याच मांडीखाली. शेवटी कंटाळलो. म्हटलं, एवढा एकच दोरा. मान खाली घातली, दोरा दातांत धरला, ओढला आणि पट्टीच सुटून बाहेर आली! दोऱ्याला लटकलेले माझे तीन दात माझ्याकडे बघून हसत होते.

तेवढ्यात दुकानाचं दार वाजलं. निवृत्त पोस्टमास्तर! पँट कमरेत सैल करायला आले होते. या गृहस्थांच्या कानावर पडलेली गोष्ट आजवर एकाही पत्त्यावर पोचायची राहिलेली नाही. त्यांनी मला दात हातात घेऊन बघितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळाला कळलं असतं की डॉक्टरनं बसवलेले दात गळून पडतात! मी पटकन दात कापडाच्या तुकड्यात गुंडाळले आणि हाताला लागलेल्या पहिल्या खिशात कोंबले. खिसा अर्थातच कोटाचा होता. डावीकडचा, आतला.

दोनच मिनिटं, असं मनात होतं. पोस्टमास्तर पाऊण तास बसले. मी तोंडाला रुमाल लावून "हं, हं" करत राहिलो. ते गेल्यावर डोकं असं भणभणलं की मी मागच्या खोलीत जाऊन जेवलो (दातांशिवाय जेवण बरं जातं, हेही डॉक्टरांना सांगू नका) आणि जरा आडवा झालो. डोळा लागला.

आता इथे आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. नवा कोट दुकानातून बाहेर पडताना त्याचे सगळे खिसे कच्च्या टाक्यानं शिवून टाकतात. त्यामुळे खिसा फाकत नाही आणि कोट छान बसून राहतो. मग गिऱ्हाइकानं तो टाका उसवायचा. हे काम हिचं. मी झोपलेला असताना ही आली, कोट पुतळ्यावरून उतरवला, चारही खिसे शिवले, कोट हँगरला लावून कापडात झाकला आणि रस्ता ओलांडून डॉक्टरांना नेऊन दिला. मला उठवलंसुद्धा नाही. म्हणे, "भाषणाच्या दिवशी माणसानं ताजंतवानं दिसावं!"

साडेचारला जागा झालो. तोंडात जीभ फिरवली. मैदान मोकळं!

घाईत दात कुठे कोंबले, ते काही केल्या आठवेना. वाटीत बघितलं. पाणीच पाणी. मशीनचा खण उघडला, बटणांचे डबे उलटे केले, इस्त्रीखाली बघितलं, चिंध्यांचं पोतं रिकामं केलं. ही दारात उभी.

"काय हरवलं?"

सांगणार कसं? दोन्ही नियम मोडले होते, तेही एकाच दोऱ्यात! मी ओठ घट्ट मिटून हातानं "काही नाही" अशी खूण केली.

"अंगुस्तान? बोटातली टोपी?"

मी मान हलवली.

"चष्मा? तो तुमच्या डोळ्यांवर आहे."

मी पुन्हा मान हलवली.

"समजलं," ही म्हणाली. "भीती वाटतेय तुम्हाला. इतक्या लोकांसमोर जायचं म्हणून वाचा बसलीय. अहो, नुसतं हसायचं तर आहे!"

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर! हिनं घेतला. "आवडला ना कोट? ...हो का? ...डावीकडे टोचतंय?" आणि फोनमध्ये ती खळखळून हसली. "अहो डॉक्टर, नवा कोट आहे, अंगाला बसेपर्यंत टोचणारच. सवय होईल!"

डावीकडे! टोचतंय! तारेचे आकडे! पुतळ्याकडे पाहिलं, तो उघडा. हिच्या हातातल्या सुईकडे पाहिलं, तिच्यात अजून पांढरा दोरा ओवलेला. मी चप्पल पायात सरकवली आणि धूम ठोकली. मागून ही ओरडत होती, "अहो, कोट घाला! केस तरी विंचरा!"

दवाखान्याला कुलूप. डॉक्टर सभागृहाकडे निघून गेले होते. मी तसाच पळालो. साठीला टेकलेला शिंपी तोंडाला रुमाल लावून रस्त्यानं धावतोय म्हटल्यावर दोघातिघांनी रस्ता सोडला आणि एकानं "औषध घेतलं का?" असंही विचारलं. सभागृहात पोचलो तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. खुर्च्या भरत होत्या. व्यासपीठावरचा पडदा मिटलेला होता आणि त्यामागे डॉक्टर कागद वाचत येरझाऱ्या घालत होते. कोट मात्र काय बसला होता! खांदे कसे चोख! त्या परिस्थितीतही मला स्वतःचं कौतुक वाटलं.

"आलात मास्तर! देवासारखे आलात!" डॉक्टरांचा चेहरा कागदापेक्षा पांढरा होता. "पण हे खिसे दिखाऊ आहेत का हो? भाषणाचा कागद ठेवायला गेलो तर एकही उघडेना. आणि तुम्ही तोंडाला रुमाल का लावलाय?"

"अंहं," मी म्हणालो आणि त्यांच्या कोटात हात घातला.

"दुखतंय का? बघू."

"अंहं!"

"अहो, आ करा ना!"

ते माझ्या तोंडाकडे यायचे, मी त्यांच्या छातीकडे जायचो. ते रुमाल ओढायचे, मी कोट ओढायचो. बोटांना गाठोडं लागलं! पण खिशाचं तोंड शिवलेलं, आणि शिलाई आमच्या हिची. डॉक्टरांचा कोट म्हणून तिनं साधा टाका घातलाच नव्हता, दुहेरी दोरा वापरला होता! मी नखानं ओढलं, बोटानं ओढलं. ढिम्म! कात्रीसाठी कमरेला हात नेला. कात्री कुठली? ती दुकानात, कापडाखाली नाहीतर टेपखाली.

म्हणजे बघा कशी गंमत झाली. दात असते तर दोरा तोडला असता, आणि दोरा तुटला असता तर दात मिळाले असते!

अशा वेळी माणूस विचार करत नाही, सवय त्याच्याकडून करून घेते. मी रुमाल सोडला, कोट बाजूला केला, मान खाली घातली आणि डॉक्टरांच्या छातीवर तोंड टेकवून हिरड्यांनी दोरा धरला.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं घड्याळ कधी मागे नाही, पुढे नाही. सहा वाजले आणि त्यांनी पडदा उघडला!

साठ-सत्तर माणसांनी पाहिलं ते एवढंच की आमच्या गल्लीतला शिंपी डॉक्टरांच्या कोटात डोकं खुपसून हुंदके दिल्यासारखा हलतोय आणि डॉक्टर त्याला दोन्ही हातांनी ढकलताहेत.

तिसऱ्या रांगेतून पोस्टमास्तरांचा आवाज आला, "अरेरे! इतकं दुखतं होय दात बसवताना? बिचारा सकाळीसुद्धा रुमाल लावून कण्हत होता!"

झालं! सभागृहात कुजबुज सुरू झाली. "मी म्हटलंच होतं, पोरगा आहे अजून." "चला, उगाच विषाची परीक्षा कशाला?" एकीनं पिशवी उचलली, तिच्या मागे दोघं उठले. अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, हे काय चाललंय? एक मिनिट गेलं!"

डॉक्टर माझ्याकडे वळले. ते माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "मास्तर... ठरल्याप्रमाणे हसा ना. प्लीज."

मी त्यांच्याकडे पाहिलं. आठ महिने काचा पुसणारा पोरगा! त्यानं मला माझं हसू परत दिलं होतं आणि मी त्याच्या घासात माती कालवत होतो. कशासाठी? तर कात्री शोधायचा कंटाळा! इतकी लाज मला दात पडल्यावरसुद्धा वाटली नव्हती.

मी पुढे झालो. लोकांकडे तोंड केलं. आणि हसलो. जसा होतो तसा, सगळी खिंड उघडी टाकून!

पोस्टमास्तर उभे राहून म्हणाले, "यांचे दात कुठायत?"

"डॉक्टरांच्या खिशात!" मी ओरडलो. सोबत शिट्टीही वाजली. "दात उत्तम आहेत! एकदम पहिल्या प्रतीचे! दोष माझा आहे. दोरा दातांनी तोडू नका म्हणून यांनी बजावलं होतं. मी तोडला. दात वाटीतच ठेवा म्हणाले होते, मी यांच्या कोटात ठेवले. आणि आमच्या हिनं खिसा शिवला!"

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं सभागृह फुटलं. उठलेले तिघं दारातच थांबले. डॉक्टरांनी छातीवर हात ठेवून चाचपलं.

"हे... हे तुमचे दात आहेत? काकू म्हणाल्या कोट टोचतोच म्हणून!"

"कात्री!" अध्यक्षांनी फर्मान सोडलं. "कुणाकडे कात्री आहे?"

एवढ्या माणसांत एकाकडेही कात्री नाही! एका आजोबांकडे नेलकटर होता, पण तो पिशवीच्या तळाशी, आणि त्याच्यावर औषधांच्या डब्यांची रास. ते एकेक डबी काढून शेजारच्याला ती कशाची ते सांगत होते. इतक्यात माझ्यामागोमाग येऊन मागच्या रांगेत बसलेली आमची ही उठली. तरातरा पायऱ्या चढून वर आली. माझ्याकडे असं पाहिलं की हिशेब घरी गेल्यावर होणार, हे साऱ्या सभेला कळलं.

"सरका," ती म्हणाली.

"काकू, नको! दातांनी नको!" डॉक्टर ओरडले.

पण चाळीस वर्षं माझ्याबरोबर राहिलेली बाई ती. मान खाली, आणि कट्!

खिसा उघडला. गाठोडं निघालं. डॉक्टरांनी ते सोडलं, दात वक्त्यासाठी ठेवलेल्या ग्लासातल्या पाण्यात बुचकळून स्वच्छ धुतले आणि माझ्या हातात दिले. मी पाठ वळवली, पट्टी बसवली, आकडे टक्कन लागले, आणि पुन्हा लोकांकडे वळून हसलो.

"अगंबाई!" पिशवीवाल्या बाई म्हणाल्या आणि पुन्हा खुर्चीवर बसल्या. "दहा वर्षांनी लहान झाले की!"

ओठ वर, गाल भरलेले, बोलणं सरळ. आधी कसं आणि नंतर कसं, लोकांनी डोळ्यांदेखत पाहिलं. डॉक्टरांनी हातातल्या कागदाची घडी केली, ती नुकत्याच उघडलेल्या खिशात टाकली आणि मनानं बोलायला लागले. एक दाढ गेली तर बाकीच्या कशा कलतात, चावणं एका बाजूला कसं जातं, हाड कसं झिजतं, सगळं सांगितलं. कुणी ब्रिजबद्दल विचारलं तर "शेजारच्या कापडाला धरून ठिगळ!" आणि इम्प्लांटबद्दल विचारलं तर "पक्की शिलाई, पण अस्तर धड हवं!" दहा मिनिटांचं भाषण पन्नास मिनिटं चाललं. अध्यक्षांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं म्हणे. मी इतका खदाखदा हसलो की शेजारून कोपर आलं, "हळू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तर समोर दवाखान्याबाहेर रांग! मोजली, चौदा माणसं. पोस्टमास्तरही रांगेत होते आणि कालची हकीकत आधी ऐकलेल्यांनाच पुन्हा ऐकवत होते. काचा तशाच राहिल्या होत्या, आणि त्या पुसायला डॉक्टरांना वेळ नव्हता. मला इतका आनंद झाला की मी आत वळून हाक मारली, "अगं, बघ तरी! कुणामुळे झालं हे?"

ही घरात नव्हतीच. ती दिसली रांगेत. सगळ्यात पुढे. तोंडाला पदर लावलेला.

मी धावत रस्ता ओलांडला. "काय झालं गं?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि पदर जरासा बाजूला केला. समोरच्या दाताचा कोपरा गायब!

"काल दोन आवाज झाले होते," ती म्हणाली. "तुम्हाला एकच ऐकू आला."

"पण अगं, नुसता कच्चा टाका होता!"

"मीच दुहेरी घातला होता ना! डॉक्टरांचा कोट म्हणून."

हसायचं नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं. पण नवे दात माझं कुठलं ऐकायला? ते दिसलेच! रांगेतली तेरा माणसं बघत होती, म्हणून तिनं हात उचलला नाही, एवढंच.

डॉक्टरांनी तासाभरात कोपरा भरून दिला. असा झकास, की कुठला खरा आणि कुठला भरलेला ते तिला स्वतःला सांगता येईना. व्यवहार मागच्यासारखाच ठरला, दाताला कोट. काल माप घेतलं, कापड डॉक्टरांनीच निवडलं, राखाडी. बटणं तीन, बाही जरा आखूड, सगळं माझ्यावर सोपवलं त्यांनी. एकच अट घातली.

खिसे नकोत!